दोन मागची चाकं

“पण उस्ताद, ड्रमचंच चाक जड फिरणार. यात विचारायचं काय?”

सुकुमारच्या बोलण्यात तोरा होता. असणारच. डिप्लोमा झालेला, वर सहा वर्षांचा सराव. मिरजेच्या या गॅरेजात त्याच्याइतके ब्रेक कुणी बसवले नव्हते. तरीही ब्रेकचं काम झालेल्या गाडीची ट्रायल घ्यायची ती दस्तगीर उस्तादांनीच. सुकुमार शेजारी बसायचा, पाहुण्यासारखा.

आज त्यानं धीर करून विचारलं होतं, ट्रायल मला एकट्याला कधी द्याल? त्यावर उस्तादांनी भलताच प्रश्न टाकला होता : ब्रेक सोडल्यावरही चाकाला जास्त कोण अडवतं, डिस्क ब्रेक की ड्रम ब्रेक?

“फिरवून बघ की,” उस्ताद आता म्हणाले.

दोन गाड्या शेजारी शेजारी जॅकवर होत्या. एकीला मागे डिस्क, दुसरीला ड्रम. सुकुमारनं डिस्कच्या चाकाला हिसका दिला. सर्र... सर्र... दोन फेऱ्यांत चाक थांबलं.

ड्रमचं चाक मात्र फिरतच राहिलं.

“हँडब्रेक...” तो पुटपुटला. पण दोन्ही गाड्यांचे हँडब्रेक त्यानंच सोडले होते.

उस्तादांनी पाना पुढे केला.

त्यानं ड्रम उतरवला. आत ब्रेक दाबला की ड्रमला घासणारे दोन लायनर आणि त्यांना मागे ओढून धरणाऱ्या स्प्रिंगा. डिस्कला दाबून धरणाऱ्या पॅडला असं ओढणारं कुणी नव्हतं. पाय काढला तरी ते डिस्कला टेकूनच राहायचं.

“चुकलो, उस्ताद.” सहा वर्षांत हा शब्द त्याच्या तोंडून पहिल्यांदाच निघाला. “थांबवायला डिस्क भारी. पण काम झाल्यावर नीट मागं सरतो तो ड्रमच.”

“कशानं सरतो?”

“स्प्रिंगनं.”

“मला कुठाय रं स्प्रिंग...” उस्ताद स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले.

सुकुमारनं ड्रम परत बसवला, गाडी खाली घेतली. त्या गाडीचं काम झालंच होतं, ट्रायल तेवढी राहिली होती. उस्तादांनी किल्ली त्याच्या हातात ठेवली. आता ते शेजारी बसणार म्हणून त्यानं दार उघडून धरलं.

उस्तादांनी दार हळूच लावलं आणि ते दोन पावलं मागे सरले.

“तुम्ही... नाही येणार?” सुकुमारनं विचारलं. आनंद मावत नव्हता, आणि भीतीही तेवढीच वाटत होती.

“जा तू. मी बसलो तर चाक जड फिरंल.”