येसाक्काचं झाकलेलं बुडकुलं

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची, ते विचारू नका. आमच्या गावात दहा जणांना विचारलंत तर अकरा आकडे ऐकाल. मी आपली जशी ऐकली तशी सांगते. जिथे मला संशय येईल तिथे तसं म्हणेन, आणि तुम्हीही सगळं खरं धरून चालू नका.

तर आमचं उंबरमाळ तेव्हाही असंच ओढ्याकाठी होतं. ओढ्याच्या दोन्ही अंगांना भाजीचे मळे. वांगी, मिरची, गवार, दोडका, काकडी. बाजारात उंबरमाळची वांगी आली की बायका घासाघीस न करता घ्यायच्या, असं म्हणतात. घासाघीस न करता भाजी घेणारी बाई मी अजून पाहिलेली नाही, पण असो. गावाचं पोट त्या मळ्यांवर होतं, एवढं मात्र खरं.

ओढ्याच्या वरच्या टोकाला येसाक्का राहायची. तिचा मळा म्हणजे चार वाफे नि एक बांध. लग्नानंतर तीन वर्षांत नवरा गेला, मूलबाळ नाही, माहेर डोंगरापलीकडे कुठेतरी. ते चार वाफे हेच तिचं सासर नि तेच माहेर. एकटी बाई म्हटल्यावर गावाला बोलायला विषय मिळतोच, त्यातून तिचे वाफे पिकायचे ते डोळ्यांत खुपावेत असे. तिचा एक दुधी एवढा वाढला की ओढ्यावर आडवा टाकला आणि त्यावरून शेळ्या पलीकडे गेल्या, असं म्हणतात.

येसाक्का स्वभावाने पक्की संशयी होती. हिरवंगार झाड पाहून दुसरं कोणी खूश झालं असतं, हिच्या कपाळाला आठी पडायची. "पान वरनं लई गोड बोलतंय," ती म्हणायची. "खरं काय ते खालच्या अंगाला असतंय." मग ती वाकायची, पान उलटायची, आणि खाली चिकटलेली पिवळी अंडी राखेत बुडवलेल्या अंगठ्याने पुसून टाकायची. मिरचीवर मावा आला तर सकाळचं दव असतानाच राख धुरळायची, म्हणजे ती पानाला धरून बसते. वेलावर पिठासारखी पांढरी भुरी दिसली तर आंबट ताक शिंपडायची. हे सगळं करताना ती सारखी पुटपुटायची. गाव म्हणायचं, मंत्र पुटपुटते. मला विचाराल तर ती अळीला शिव्या देत असणार. मीही देते.

आता दोन गोष्टी अशा होत्या की त्यांनी गावाच्या डोक्यात किडा वळवळायला लागला.

पहिली गोष्ट तिच्या बांधावरची एरंडाची रांग. त्या एरंडांवर अळ्यांची जत्रा भरलेली असायची. पानांची पार चाळण व्हायची, तरी ही बाई एरंड उपटायची नाही. उलट दरवर्षी नवे लावायची. स्वतःच्या बांधावर कोण अळ्या पाळतं? आणि अळ्या तिच्या बांधावर, तर वांगी दुसऱ्यांची का किडतात?

दुसरी गोष्ट तिचं बुडकुलं. रोज पहाट फटफटली की ती डोक्यावरून पदर घेऊन, हातात एक लहान मातीचं बुडकुलं घेऊन निघायची. बुडकुल्याच्या तोंडावर फडकं बांधलेलं. ओढ्याच्या काठाकाठाने जायची, लोकांच्या मळ्यांच्या कडेने जायची आणि उन्हं यायच्या आत परत यायची. त्यात काय आहे, कोणाला माहीत नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण झाकलेल्या बुडकुल्याची किंमत गावाने त्याहून पुष्कळ जास्त लावली. कोणी म्हणालं मसणातली राख आहे. कोणी म्हणालं मेलेल्या नवऱ्याचं बोट आहे.

बोटाचं निमित्त होतं काकडीचं. कोवळ्या काकडीला बोट दाखवलं की ती कुजते, हे तुम्हालाही तुमच्या आजीने सांगितलं असेल. त्या साली काकड्या वेलावरच कुजायला लागल्या. येसाक्का बांधावरून ओरडून सांगायची, "बोटानं न्हाय गं बायांनो, माशी टोचतीया! कुजकी काकडी हितं टाकू नगा, खोल पुरा!" झालं. गाव म्हणालं, हिला बरं ठाऊक!

तिच्या खालच्या अंगाला आमचा मळा. आमचा म्हणजे गोजराबाईचा. गोजराबाई ही माझ्या नवऱ्याची खापरपणजी, हे आत्ताच सांगून ठेवते, मागाहून कळलं असं नको व्हायला. गोजराबाईच्या वांग्यांना बाजारात मान होता, आणि त्या साली तिची पानं वाळायला लागली होती. पोरं पाच, नवरा दम्याने अंथरुणाला. वांगी गेली असती तर त्या घरात खायला काय होतं, देव जाणे. भ्यालेलं माणूस चोर शोधत फिरतं. गोजराबाई एका पहाटे घायपाताच्या कुंपणाआड दबा धरून बसली.

आणि तिने पाहिलं. येसाक्का चक्क तिच्या वांग्यांत शिरली होती! वाकून वाकून एकेका झाडापाशी जात होती, आणि तिचा हात पानापासून बुडकुल्याकडे, बुडकुल्यापासून पानाकडे चालला होता.

त्या काळी फुलावर आलेल्या मळ्यात विधवेने पाय ठेवायचा नाही, अशी रीत होती. ठेवला तर फूल गळतं म्हणे. ती रीत त्या काळीच होती, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. तर एक विधवा, फुलावर आलेल्या वांग्यांत, चोरपावलांनी, हातात झाकलेलं बुडकुलं. गोजराबाईने जी किंकाळी मारली ती ओढ्यापलीकडच्या वस्तीवर ऐकू गेली, असं म्हणतात.

"कीड टाकतीया! माझ्या वांग्यात कीड टाकतीया!"

गाव पारावर जमलं. म्हादबा पाटील मधे बसले. येसाक्का उभी, बुडकुलं छातीशी धरलेलं.

"येसा, काय हाय त्यात?" पाटलांनी विचारलं.

"तुमच्या मळ्यात जाऊन पान उलटून बघा," ती म्हणाली. "मग मला इचारा."

"मी बुडकुल्याचं इचारतोय."

"आन् मी पानाचं सांगतीया."

गोजराबाईने पुढे होऊन फडकं ओढलं. आत अळ्या होत्या. वळवळणाऱ्या, लठ्ठ, बुडकुलंभर. दोन-चार काठावरून बाहेर आल्या आणि पाटलांच्या धोतरावर चढल्या.

आता मला सांगा, तुम्ही तिथे असता तर काय म्हणाला असता? माणूस रंगेहाथ सापडलं! "ह्या तुमच्याच मळ्यातल्या हायेत," येसाक्का सांगत होती. "येताना बुडकुलं रिकामं असतंय, जाताना भरतंय. किडीला बांध दिसत न्हाई पाटील. तुमच्याकडं वाढली की उद्या माझ्याकडं येणार. म्हनून येचते." पण ऐकतो कोण? तिला मळ्यात कोणी येऊ दिलं नसतं, म्हणून ती न विचारता येत होती, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. आणि तिला रोज जाताना नि येताना पाहणाऱ्या गावात एकानेही कधी ते बुडकुलं जड केव्हा असतं, हे पाहिलं नव्हतं.

पाटलांनी निवाडा दिला. एरंड तोडायचे, जाळायचे, आणि येसाक्काने गाव सोडायचं.

एरंड तोडले तेव्हा बुंध्यांतून रक्त आलं, असं म्हणतात. एरंडातून पाण्यासारखा रस येतो, रक्त नाही, तेव्हा हे मी सोडून देते. पण पुढचं मला खरं वाटतं. ती निघाली तेव्हा ओढ्याकाठचे सगळे सातभाई पक्षी कलकलाट करत तिच्या मागे उडाले. वरच्या अंगाला एक सपाट खडक आहे, त्यावर ती रोज बुडकुलं रिकामं करायची आणि ते पक्षी अळ्या टिपायचे. त्यांचं अन्न चाललं होतं, ते कशाला मागे राहतील?

शिवेवर ती वळली आणि एवढंच म्हणाली, "जाते. पान उलटून बघत जावा."

ह्याला कोणी शहाणपण म्हटलं नाही. गाव म्हणालं, शाप दिला! पान उलटलं की ती कसलीतरी बाधा मागे लावणार. पाटलांनी दवंडीच पिटवली की उंबरमाळात कोणीही कसलंही पान उलटायचं नाही. बायका भाजी निवडतानासुद्धा पालथं पान पालथंच ठेवायच्या, असं म्हणतात. आमच्या गावाच्या शहाणपणाबद्दल मला जे वाटतं ते ह्या दवंडीपासून वाटतं.

मग भादवा उजाडला. वरून मळे हिरवेगार. लोक म्हणाले, बघा, ब्याद गेली नि मळे कसे उमलले! आणि एका सकाळी ओढ्याच्या पाण्याचा आवाज येईना. पाणी तर वाहत होतं. पण दुसराच एक आवाज त्याच्यावर चढला होता, कुरकुर, कुरकुर, दोन्ही काठांनी. मळे चरले जात होते. एरंड नव्हते, तेव्हा अळीला वाटेत थांबायला जागाच उरली नव्हती. अळ्या कौलांवरून चालल्या, पाळण्याच्या दोरीवरून चालल्या, आणि म्हादबा पाटलांचं हिरवं पागोटं खुंटीवरच खाल्लं, असं म्हणतात. हे मात्र खरं असावं अशी माझी फार इच्छा आहे.

लोकांनी कोंबडं कापलं, नारळ फोडले. कोणाला तरी राख आठवली, पण धुरळली भर दुपारी, कोरड्या पानावर. ती वाऱ्याने उडून लोकांच्याच डोळ्यांत गेली.

गोजराबाईच्या मळ्यात शेवटी वांग्याची एक ओळ उरली. पोरांनी दोन दिवस नुसती पेज प्यायली होती. ती त्या ओळीपाशी जाऊन बसली आणि रडली. मग तिला वाटलं, आता शाप लागून लागून आणखी काय जाणार आहे? तिने हात पुढे केला. तिने पान उलटलं.

खाली पिवळ्या अंड्यांचा पुंजका होता. तिने दुसरं उलटलं, तिथेही तेच. मग ती खाली वाकली आणि झाडाची बुडाकडची जुनी पानं तिने उलटली. तिथे अंडी नव्हती. तिथे एकेका पानाखाली राखेचा अंगठा उमटलेला होता. या पानाखाली, त्या पानाखाली, पुढच्या झाडाच्या पानाखाली. साऱ्या ओळीला. राख इतके दिवस टिकते का, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं होतं. माझी आजेसासू म्हणाली, "पाऊस वरून पडतो बाई, पानाच्या खाली कुठला पाऊस?"

गोजराबाईने तशीच धाव घेतली ती वरच्या अंगाला. पाच पोरं, आजारी नवरा, सगळं टाकून एकटी गेली. संध्याकाळी एकटीच परत आली. हातात ते बुडकुलं होतं, तोंड उघडं, आत मूठभर एरंडाच्या बिया. खडकावर ठेवलेलं सापडलं म्हणाली. येसाक्का दिसली नाही म्हणाली. ती सातभाईंच्या थव्यात मिसळून गेली, आठवी होऊन, असं म्हणतात. थव्यात कधी कधी आठ पक्षी दिसतात ते त्यामुळेच.

गाव हे मानतं. मी मानत नाही. एकटी गेली आणि एकटी आली, मधे काय झालं ते तिच्याशिवाय कोणाला माहीत? येसाक्का तिथे बसलेली असेल, असं मला वाटतं. गोजराबाईने पाय धरले असतील. आणि येसाक्का म्हणाली असेल, "बिया ने. मी येत न्हाई." रिकाम्या खडकावर आपोआप मूठभर बिया येत नाहीत. आणि त्या दिवसानंतर गोजराबाईने मरेपर्यंत घासभर वांगं खाल्लं नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे, पण का, ते कोणी विचारलं नाही.

त्या बियांचे एरंड उंबरमाळात आजही प्रत्येक बांधावर आहेत. त्यांना येसाक्काची ओळ म्हणतात, आणि त्या ओळीवर अळी दिसली की कोणी नाक मुरडत नाही. वेचतात आणि खडकावर नेऊन ठेवतात. आमच्या गावात शिवारात जाताना कोणीही भांडं झाकून नेत नाही. जावयाची खीर असली तरी उघडी न्यायची.

आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, दव असतानाच, सगळं गाव एकमेकांच्या मळ्यांत पानं उलटायला जातं. स्वतःच्या मळ्यात जायचं नाही, शेजाऱ्याच्या. आदल्या दिवशी बांधावरून डोकी फुटलेली असली तरी जायचं. पण सगळ्यांच्या आधी एक विधवा बाई आमच्या मळ्यात शिरते, गोजराबाईच्या फुलावर आलेल्या वांग्यांत. पहिलं पान तिने उलटायचं. ती "बघितलं" म्हणेपर्यंत गाव बांधाबाहेर उभं राहतं, पाटलांचे वंशज धरून.

तिच्या हातात द्यायचं ते बुडकुलं आमच्या घरी असतं. गाव म्हणतं, गोजराबाईच्या घराण्याचा तो मान आहे. पन्नास वर्षं मी ते घासून पुसून दुसऱ्या बायांच्या हातात दिलं आणि मान म्हणूनच दिलं. गेल्या माघात आमचे हे गेले. यंदा ते बुडकुलं सुनेने माझ्या हातात ठेवलं, आणि मी आमच्याच कुंपणाबाहेर, गोजराबाई दबा धरून बसली होती तिथे, उभी राहिले. रीत अशी की विधवेने, मळा घरचा असला तरी, आत जाण्याआधी मालकाला विचारायचं नाही. मी विचारलं नाही. अंगठा राखेत बुडवला आणि आत गेले.