उंबऱ्याच्या आईची आणि ‘उद्या येतो’ म्हणणाऱ्या सुताराची कहाणी

ऐका, उंबऱ्याच्या आई, तुझी कहाणी.

आटपाट म्हणावं असं एक नगर होतं. नगरात एक कासार होता. त्याचं नाव लहानू, बायकोचं नाव सारजा. लहानू बांगड्यांची पेटी घेई, या गावचा बाजार कर, त्या गावची जत्रा कर, असा हिंडे. घरी यायचा तो अवसे-पुनवेला. मागं घर सांभाळायची सारजा. घरात काचेच्या बांगड्यांचा माल भरलेला, त्याची राखण तिच्याकडे. त्यांना एकुलती एक लेक होती, तानू. ती नदीपलीकडच्या गावी दिली होती.

पुढं काय झालं? तानूला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. सारजाला आनंद झाला. तिनं घर सारवलं, बाज विणून घेतली, डिंक आणला, खारीक आणली. मग दाराकडे पाहिलं. दाराला वाळवी लागली होती. हात लावला की भुसा पडे. सारजा मनाशी म्हणाली, “लेक यायची, नातवंड व्हायचं. बाळंतिणीच्या घराला धड दार हवं.” लहानूनं सागाच्या फळ्या जपून ठेवल्या होत्या, त्या माळ्यावरून काढल्या. सुताराला बोलावणं धाडलं.

सुतार होता निंबाजी. त्याचा बाप उंबऱ्याच्या आईचा वसा पाळायचा. एका दारचं काम पुरं करावं, मगच दुसऱ्या दारी पाऊल टाकावं, असा तो वसा. बाप वारला. बापाचा हात निंबाजीला आला, बापाचा वसा त्यानं टाकला. बोलणं मात्र फार गोड होतं.

निंबाजी आला. दार ठोकून पाहिलं, फळ्यांवरून हात फिरवला. म्हणाला, “वहिनी, असं दार करतो, गावानं बघत राहावं. वर मोर काढतो.”

सारजा म्हणाली, “मोर नको, दादा. लेक यायची आहे. दार वेळेवर हवं.”

“उद्या बसवतो की.”

मग त्यानं जुनं दार उचकटलं, चौकट उपटली, उंबरा उखडला. सगळं गाडीत घातलं, वर सागाच्या फळ्या घातल्या, आणि गेला.

उद्या उजाडला, निंबाजी आला नाही. परवा उजाडला, निंबाजी आला नाही. घर उघडं पडलं. कुत्रं शिरलं, भाकरी घेऊन गेलं. शेळी शिरली, वाळत घातलेली डाळ खाऊन गेली. वारा शिरला, देवापुढचा दिवा विझवून गेला. सारजानं दाराच्या जागी घोंगडं टांगलं. पण घोंगड्याला कडी कुठली? तिचं नदीवर जाणं बंद झालं, बाजार बंद झाला. ती आपली घोंगड्याशी बसून राही.

मग शेजारणीला क्षणभर बसवून ती सुताराकडे गेली. निंबाजी म्हणाला, “काय सांगू, वहिनी! चुलता वारला. सुतक आहे. फिटलं की उद्या येतो.” सारजा हळहळली, परत फिरली. वाटेत बाजार लागला. तिथं तो चुलता वांगी निवडत बसला होता.

मग दुसऱ्यांदा गेली. निंबाजी म्हणाला, “लाकूड ओलं आहे, वहिनी. उन्हात टाकलंय. उद्या येतो.” सारजानं आत डोकावलं. फळ्या आणि उंबरा कोपऱ्यात होते तसेच होते. त्यांच्यावर कोंबडी अंडी उबवत बसली होती.

मग तिसऱ्यांदा गेली. निंबाजी घरी नव्हता. बायको हौसा दारात आली, खाली मान घालून म्हणाली, “सकाळीच गेले. कुठं जातात ते मला सांगत नाहीत.” सारजा शोधायला निघाली. पाटलाच्या घरी गेली. माडीचा जिना काढलेला, पाटील वर अडकलेला, पाटलीण दोरीनं त्याचं ताट वर चढवत होती. “उद्या येतो म्हणाला,” पाटील वरून ओरडला. मग देवळात गेली. गाभाऱ्याची जाळी काढलेली, पुजारी काठी घेऊन माकडं हाकत होता. “उद्या येतो म्हणाला,” पुजारी म्हणाला. मग एका विधवा कोष्टिणीकडे गेली. तिच्या मागाची तुळई काढून नेलेली, माग बंद, चूल बंद. तिनं नुसतं मागाकडे बोट दाखवलं. सारजाला कळायचं ते कळलं.

ती घरी येते, तो दारात गाडी उभी. तानूचा सासरा तानूला घेऊन आला होता. तानू अवघडून बसली होती, आईला बघून हसली. सासरा घोंगड्याकडे बघत होता.

“विहीणबाई, दार कुठं आहे?”

“उद्या बसतंय,” सारजा म्हणाली.

बोलली, आणि तिचं तिलाच ऐकू आलं. निंबाजीचा शब्द तिच्या तोंडून निघाला होता. तिची मान खाली गेली.

सासरा म्हणाला, “आमची सून उघड्यावर बाळंत व्हायची नाही. दार झालं की कळवा.” त्यानं गाडी वळवली. तानू म्हणाली, “मामंजी, राहू द्या ना मला.” त्यानं ऐकलं नाही. तानूनं मागं वळून हाक मारली, “आई!” सारजा गाडीमागं धावली. थोडी धावली, मागं उघडं घर दिसलं, थांबली. गाडी नदीच्या उतारावर दिसेनाशी झाली.

सारजा परत आली. उंबरा उखडल्यानं तिथं मातीचा खड्डा राहिला होता. त्या खड्ड्याशी बसून ती रडू लागली. इतक्यात एक म्हातारी आली. अंगावर जुनेर, हातात काठी. म्हणाली, “बाई, बाई, का रडतेस?” सारजानं सगळं सांगितलं. म्हातारी म्हणाली, “रडून दार मिळत नाही. मी सांगते तो वसा घे. पण फुगशील, विसरशील, अर्ध्यावर सोडशील.”

सारजा म्हणाली, “फुगणार नाही, विसरणार नाही, अर्ध्यावर सोडणार नाही.”

“मग ऐक. सकाळी उठावं. उंबऱ्याची जागा सारवावी, रांगोळी घालावी, हळदकुंकू वाहावं. तोंडून ‘करते’ निघालं तर ते दिवस मावळायच्या आत करावं. होणार नसेल तर तोंडावर ‘नाही’ म्हणावं. आणि ज्यानं आपल्याला शब्द दिला, त्याच्या दारात जाऊन बसावं. शिवी देऊ नये, रडू नये, शब्द पुरा झाल्याशिवाय उठू नये.”

“आजी, मी तिथं बसले तर इथं कोण बसेल? घर उघडं आहे.”

“मी बसते,” म्हातारी म्हणाली, आणि खड्ड्याच्या जागी ऐसपैस बसली. तिच्या बाजूनं मुंगी आत जाईना.

सारजानं सकाळी जागा सारवली, रांगोळी घातली, हळदकुंकू वाहिलं. मग निंबाजीच्या दारात जाऊन बसली. निंबाजी दात घाशीत बाहेर आला, तिला बघून हसला. “वहिनी, कशाला तसदी घेतलीत? उद्या येतो की.”

“या की, दादा. मी बसलेय,” सारजा म्हणाली.

तो वैतागला. “लोक काय म्हणतील?”

“म्हणू देत. मी बसलेय.”

तो तिला वळसा घालून निघून गेला. सारजा बसून राहिली. हौसानं तिला पाणी आणून दिलं आणि तिच्याशेजारी बसली.

निंबाजी गेला न्हाव्याकडे. न्हाव्यानं अर्धी दाढी केली, वस्तरा पुसून ठेवला, म्हणाला, “राहिलेली उद्या.” निंबाजी हसला. त्याला थट्टा वाटली. पण न्हावी उठून गेला. मग तो परटाकडे गेला. परटानं धोतराचं अर्धं पान धुऊन दिलं, अर्धं मळकं. म्हणाला, “राहिलेलं उद्या.” निंबाजीला राग आला. अर्धी दाढी घेऊन तो गावातून चालला, पोरंसोरं मागं लागली. त्याला भूक लागली. घरी आला, मागच्या दारानं आत शिरला, पाटावर बसला. हौसानं ताट वाढलं. ताटात नुसती चटणी.

“भाकरी?”

“उद्या,” हौसा म्हणाली.

निंबाजी ओरडला, “घरात पीठ आहे, चूल पेटलेली आहे. मग उद्या का?”

हौसा दचकली. म्हणाली, “मी भाकरी आत्ता थापते असंच म्हणायला गेले. तोंडून ‘उद्या’च निघालं. मी काय करू?”

तेव्हा निंबाजी घाबरला. त्यानं करवत काढली, एक फळी कापायला घेतली. मध्यावर गेली आणि अडकली. पुढं जाईना, मागं येईना. रंधा घेतला, तो अर्ध्यावर थांबला. पटाशी घेतली, ती लाकडात रुतून बसली. बापाची हत्यारं होती ती. त्यानं कपाळाला हात लावला. बाहेर आला. सारजा बसलेलीच होती.

“वहिनी, तुम्ही मला काय केलंत?”

“मी काही केलं नाही, दादा. मी नुसती बसलेय. माझ्या घरी एक आजी बसल्यात. त्यांना विचारा.”

निंबाजी तसाच धावत सारजाच्या घरी गेला. म्हातारीनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. म्हणाली, “तुझा बाप मला ओळखायचा. कुणाच्याही घरचा उंबरा बसवला की आधी मला हळदकुंकू वाहायचा, मग हात धुवायचा. तू मला उखडून गाडीत टाकलंस आणि कोपऱ्यात ठेवलंस. माझ्यावर कोंबड्या बसतात.”

 निंबाजीनं लोटांगण घातलं. “आई, चुकलो. कुणाला ‘नाही’ म्हणवत नाही, म्हणून सगळ्यांना ‘उद्या’ म्हणतो. एकाचं हातात घेतो, दुसरा बोलावतो, तिकडे जातो. मग पहिल्याला तोंड दाखवायची लाज वाटते, म्हणून खोटं बोलतो. उतारा सांग.”

“उतारा कसला? ऊठ, आणि हिचं दार कर. ते झालं की पुढच्याचं. मधे कुणी बोलावलं तर ‘नाही’ म्हण.”

निंबाजी घरी आला. कोंबडीला अंड्यांसकट टोपलीत ठेवलं. उंबरा धुतला, हळदकुंकू वाहिलं, हात जोडले. मग करवतीला हात घातला. करवत चालली. रंधा चालला. पटाशी चालली. सारजा समोर बसून राहिली. मध्येच गावातला एकजण आला, म्हणाला, “निंबाजी, जरा येऊन आमची खिडकी बघतोस का?” निंबाजीचं तोंड उघडलं. सारजानं त्याच्याकडे पाहिलं. निंबाजीनं रंधा खाली ठेवला. म्हणाला, “नाही.” तो माणूस फुगून गेला. निंबाजीला घाम फुटला. पण काही आकाश कोसळलं नाही. त्यानं पुन्हा रंधा धरला.

दिवस मावळायच्या आत त्यानं दार गाडीत घातलं, सारजाच्या घरी आणलं. म्हातारी बाजूला झाली. उंबरा बसला, चौकट उभी राहिली, फळ्या बसल्या, कडी बसली. सारजानं दार ओढलं, बरोबर लागलं. वळून बघते तर म्हातारी नाही. हाक मारली, गल्लीत पाहिलं. कुठंच नाही. दोघांनी उंबऱ्याला नमस्कार केला.

सारजानं दाराला कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली. कितीतरी दिवसांनी तिचं पाऊल मोकळं पडलं. निंबाजी म्हणाला, “वहिनी, गाडी जुंपलेलीच आहे. नदीपलीकडे सोडतो. आत्ता सोडतो.”

गाडी तानूच्या सासऱ्याच्या अंगणात शिरली. सासरा पुढं आला. “विहीणबाई, दार झालं?”

“झालं. लावून आले. लेकीला न्यायला आलेय.”

सासऱ्याचा चेहरा उतरला होता. म्हणाला, “आता कशी न्याल? कळा सुरू झाल्यात. दुपारपासून तुमचं नाव घेतेय.” मग म्हणाला, “मी गाडी वळवायला नको होती.”

 सारजा हातपाय धुऊन आत गेली. तानूनं तिचा हात धरला, तो सोडला नाही. पहाटे मुलगी झाली. बाळ रडलं, बाळंतीण हसली. सारजानं नातीला पदरात घेतलं. नातीचं तोंड सगळ्यांत आधी पाहिलं ते आजीनंच. पुढं तानू चालती-फिरती झाल्यावर मायलेकी माहेरी आल्या. लहानूनं बाजाराहून येऊन नातीच्या हातात इवल्या बांगड्या भरल्या.

निंबाजीनं आधी कोष्टिणीची तुळई बसवली. तिचा माग चालू झाला, चूल पेटली. मग जिना बसवला, पाटील खाली उतरला. मग गाभाऱ्याची जाळी बसवली, माकडं निघून गेली. न्हाव्यानं हाक मारून राहिलेली दाढी केली. एके दिवशी परगावचा सावकार आला. म्हणाला, “माझा वाडा सजवायचा आहे. उद्यापासून ये.” निंबाजी म्हणाला, “उद्या नाही जमायचं. हातातलं पुरं झालं की मी स्वतः सांगावा धाडीन.” हौसानं ते घरातून ऐकलं. तिला वाटलं, कुणी परका माणूस बोलतोय. ती बाहेर येऊन बघून गेली. मग आत जाऊन तिनं भाकरी थापल्या, आणि सगळ्या त्याच दिवशी वाढल्या.

उंबऱ्याची आई जशी सारजाला पावली, निंबाजीला वळणावर आणून पावली, तशी तुम्हांआम्हांला पावो. कुणाचं घर उघडं न पडो, कुणाची लेक दारातून परत न जावो. ही कहाणी लांबची, थोडक्या बोलांत सांगितली, मधे न सोडता पुरी केली. ऐकणाऱ्यांना फळो, सांगणारीला फळो.