गिरणीवाल्याने कॉम्प्युटर जुळवला

एका गावात एक भोळा गिरणीवाला होता. गाव पिंपळदरे, आणि गिरणीवाला मी. मला दामू म्हणतात. भोळा हा शब्द माझ्या बायकोचा, रोहिणीचा. गाव दुसरा शब्द वापरतं, पण दळण माझ्याकडेच टाकावं लागतं, म्हणून तोंडावर वापरत नाही.

गिरणीत माझ्या हातून कधी चूक झालेली नाही. गिरणीला एकच बटण आहे.

रोहिणी हुशार आहे. लग्नाआधी ती तालुक्याला एका फोटो स्टुडिओत कामाला होती. लग्नाचं चित्रण आलं की नको ते कापायचं, हवं ते जोडायचं, मध्ये गाणी टाकायची आणि त्याची फिल्म करायची, हे तिचं काम. आमच्या सरपंच आप्पांनी मुलीच्या, कांचनच्या लग्नाची फिल्म तिच्याकडे सोपवली. तिचं स्वतःचं असं हे पहिलंच काम. ते आप्पांच्या पसंतीला उतरलं तर आसपासच्या गावांतली लग्नं तिच्याकडे येणार होती. त्यातच तिला भिशी लागली. भिशीत बसेल असा कॉम्प्युटर घ्यायचं ठरलं.

"कसला पाहिजे?" मी विचारलं.

"दिवसा लग्न चाललं पाहिजे आणि संध्याकाळी गाडी," ती म्हणाली.

"गाडी आहे की आपल्याकडे."

रोहिणीला गाड्यांच्या शर्यतीचा खेळ खेळायचा नाद आहे. मोबाईलवर ती अख्ख्या तालुक्याला मागे टाकते. तो खेळ मोठ्या पडद्यावर खेळायचा, असा तिचा बेत होता. एवढं तिने मला समजावून सांगितलं आणि म्हणाली, "तुम्ही डोकं चालवू नका. सुदर्शन सांगेल ते सामान फक्त आणा."

सुदर्शन तिचा धाकटा भाऊ. पुण्याला कॉम्प्युटरच्याच कामात आहे. त्याने फोनवर सगळं ठरवून दिलं. तयार कॉम्प्युटर महाग पडतो, म्हणून सुटे भाग घेऊन घरीच जुळवायचे. प्रोसेसर मधल्या किमतीचा घ्यायचा. रंगीत दिवे लागणारं काही घ्यायचं नाही, कारण दिव्यांनी खेळ पळत नाही. पॉवर सप्लाय मात्र स्वस्तातला घ्यायचा नाही, कारण तो गेला तर बाकीच्यांना घेऊन जातो. पडद्यावर चित्र पळवणारं ग्राफिक्स कार्ड वापरलेलं चालेल. तेच लग्नालाही उपयोगी पडतं आणि गाडीलाही.

"दाजी, आधी प्रोसेसर आणा," तो म्हणाला. "तो म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू. लई नाजूक असतो. मेंदू जपतो तसा जपून आणा."

मी तालुक्याला मुनाफभाईंच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो. मुनाफभाईंनी प्रोसेसर डब्यातून काढून दाखवला. चौकोनी चपटी वडी, खाली केसासारख्या बारीक पिना. मी विचार केला. आपण मेंदू कसा जपतो? डोक्यात ठेवतो आणि वर हेल्मेट घालतो. मी प्रोसेसर रुमालात गुंडाळला, टोपीखाली ठेवला आणि वरून हेल्मेट घट्ट बसवलं.

"डबा राहिला," मुनाफभाई म्हणाले.

"डब्यात मेंदू ठेवतात का?" मी म्हटलं.

घरी येऊन हेल्मेट काढलं. पिना सगळ्या एका अंगाला झोपल्या होत्या, वाऱ्याने गहू लोळतो तशा. माझ्या टाळूवरही त्यांची नक्षी उठली होती. रोहिणीने शिवणाची सुई घेतली आणि एकेक पीन उभी करत दुपार घालवली. मला काही बोलली नाही. सुदर्शन बोलला.

"दाजी, कंपनी डबा कशाला देते? आता जे आणाल ते बंद डब्यात आणा. घरी येईपर्यंत डबा उघडायचा नाही. कुणी काही म्हटलं तरी उघडायचा नाही."

"आता लक्षात ठेवतो," मी म्हटलं. आणि ठेवलं. माझा दोष विसरभोळेपणाचा नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो.

पुढे कॅबिनेट आणायचं होतं. कॅबिनेट म्हणजे ज्यात हे सगळं बसवतात ते पेटीसारखं कपाट. त्याची एक बाजू काचेची असते.

"उघडून बघून घ्या," मुनाफभाई म्हणाले. "काच आहे. फुटकी निघाली तर इथेच बदलून देतो. घरी गेल्यावर माझी जबाबदारी नाही."

"उघडायचा नाही," मी म्हटलं.

"तुमच्याच भल्यासाठी सांगतोय."

"कुणी काही म्हटलं तरी उघडायचा नाही."

मुनाफभाईंनी हात जोडले. मी खोका गाडीला मागे बांधला. रस्ताभर आतून खुळखुळ आवाज येत होता. मला वाटलं, स्क्रू बरेच दिलेत, माणूस चांगला आहे.

घरी खोका उघडला तर काचेचा चुरा. दुकानातच फुटली होती की रस्त्यात, ते कुणालाच सांगता येईना. नवी काच मागवली, ती यायला वेळ होता. तोवर कॅबिनेटची एक बाजू उघडीच राहिली.

"दाजी," सुदर्शन म्हणाला. या वेळी त्याने मध्ये जरा श्वास घेतला. "वस्तू घेताना दुकानातच उघडायची असते. आत काय आहे ते आपल्या डोळ्यांनी बघायचं, मगच घ्यायची."

"हे आधी का नाही सांगितलं?" मी म्हटलं.

मग पॉवर सप्लाय. ही एक लोखंडी डबी असते. भिंतीतली वीज घेऊन ती आतल्या सगळ्यांना वाटून देते. मुनाफभाईंनी खोका उघडून माझ्यापुढे ठेवला. मागच्या वेळेनंतर ते शहाणे झाले होते. पण मीही झालो होतो. मी खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला आणि ती डबीच उघडायला घेतली. तिच्या एका स्क्रूवर कागदी सील होतं. ते नखाने काढलं.

"दामूशेठ, हे काय करताय?"

"आत काय आहे ते बघतोय."

आत तांब्याच्या तारेचं वेटोळं होतं, काही नळकांडी होती, एक पंखा होता. सगळं नवंकोरं दिसलं. माझं समाधान झालं. मी झाकण परत लावलं. दोन स्क्रू उरले, ते मुनाफभाईंना परत दिले.

"इतकी वर्षं धंदा करतोय," मुनाफभाई म्हणाले, "पण इतकं बारकाईनं बघणारं गिऱ्हाईक आलं नव्हतं. सील गेलं म्हणजे आता हिची वॉरंटी संपली."

"दुकानातच?"

"दुकानातच."

सुदर्शनचा आवाज बसला होता. सर्दी झाली असावी. "दाजी, कंपनीने जे चिकटवलेलं असतं ते काढायचं नाही. सील असो, कागद असो, प्लास्टिक असो. जसं चिकटवलंय तसंच ठेवायचं."

बाकीचं सामान त्याने मला आणायला सांगितलंच नाही. ग्राफिक्स कार्ड पुण्याहून रोहिणीच्या नावाने पाठवलं आणि वर तिला फोन करून सांगितलं, दाजींना दाखवू नको. पण जुळवायच्या दिवशी एक काम माझ्याकडे आलंच. प्रोसेसरच्या डोक्यावर पंखा बसवायचा होता. त्याला जोर लागतो. जोर माझ्यात आहे.

सुदर्शन व्हिडिओ कॉलवर होता. "आधी प्रोसेसरवर ही पेस्ट लावा. वाटाण्याएवढी."

"सुक्या की भिजवलेल्या?"

तो म्हणाला, "ताईला लावू द्या."

रोहिणीने पेस्ट लावली आणि ती खुर्ची आणायला आत गेली. मी पंखा उचलला. त्याच्या बुडाला पारदर्शक प्लास्टिक चिकटवलेलं होतं. त्यावर इंग्रजीत काहीतरी लिहिलं होतं आणि बाण दाखवला होता. मला इंग्रजी येत नाही, पण कंपनीनेच चिकटवलंय हे दिसत होतं. मी ते तसंच ठेवून पंखा दाबून बसवला.

कॉम्प्युटर सुरू झाला. रोहिणीच्या चेहऱ्यावर पडद्याचा उजेड पडला. तिने गाडी काढली, पहिलं वळण घेतलं आणि सगळं बंद पडलं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा बंद. ती हात लावून बघायला गेली तर चटका बसला. पंखा काढला तेव्हा ते प्लास्टिक दिसलं. त्यावर ते काढून टाका असं लिहिलं होतं, हे तिने मला वाचून दाखवलं. दोनदा वाचून दाखवलं.

सुदर्शन आता हळूहळू बोलायचा, लहान मुलाला औषध पाजताना बोलतात तसा. "दाजी, कॉम्प्युटर आतून तापतो. त्याची गरमी बाहेर गेली पाहिजे. मध्ये काही आडवं ठेवू नका. त्याला मोकळा वारा लागू द्या."

हे मला मनापासून पटलं. दुसऱ्या दिवशी रोहिणी विहिरीवर धुणं धुवायला गेली, तेव्हा मी घरभर फिरून वारा कुठे जास्त लागतो ते पाहिलं. घर आणि गिरणी यांच्यामधल्या दारात वारा सर्वांत छान लागतो. मी कॉम्प्युटर तिथे नेऊन चालू करून ठेवला, उघडी बाजू वाऱ्याकडे करून, आणि दळणाला बसलो. त्या दिवशी ज्वारीची दळणं पुष्कळ होती.

रोहिणी परत आली तेव्हा कॉम्प्युटर आतून पांढरा झाला होता. पिठाच्या वासाने शेजारची कोंबडी आत शिरली होती. आत ऊब होती, दाणापाणीही होतं. ती ग्राफिक्स कार्डाखाली अंग फुगवून बसली होती आणि उठायला तयार नव्हती.

पीठ झाडायला दोन दिवस गेले. रोहिणी मऊ ब्रशने एकेक भाग पुसत होती आणि फोन स्पीकरवर होता.

"दाजी," सुदर्शन म्हणाला, "ज्याचं आत काम नाही त्याला आत ठेवायचं नाही. एवढी एकच गोष्ट आयुष्यात लक्षात ठेवा. जे दिसेल त्याच्याकडे बघून विचारायचं, याचं इथे काम काय? काम नसेल तर बाहेर काढायचं. दया दाखवायची नाही."

"कोंबडीला आधीच काढलंय," मी म्हटलं.

"बरं केलं," तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

त्यानंतर कॉम्प्युटर झकास चालला. दिवसा लग्न चाललं, संध्याकाळी गाडी. रोहिणी रोज कामाला बसायची आणि मी चहा करून द्यायचो. चहात मी चूक करत नाही. फिल्म जवळजवळ तयार झाली. ती जरा लांबली होती एवढंच. रविवारी दुपारी आप्पांचे व्याही जेवायला यायचे होते, कांचन आणि जावईही यायचे होते, आणि सगळ्यांनी मिळून फिल्म बघायची होती. रविवारी सकाळीच आप्पांचा निरोप आला, व्याही फार वेळ बसणारे नाहीत, थोडी कमी करा.

त्याच सकाळी मुनाफभाईंचा फोन आला, काच आली, आजच घेऊन जा म्हणून.

"मी जाऊन आणतो," मी म्हटलं.

"नको," रोहिणी म्हणाली. "काच मी आणते. तुम्ही घरी बसून फिल्म कमी करा. मी तुकडे पाडून ठेवलेत. एकेक बघायचा, जास्तीचा वाटला की हे बटण दाबायचं. फिल्म आपोआप पेन ड्राइव्हवर जाईल, झालं की तो काढून आप्पांकडे द्या. मी परस्पर तिथेच येते. मूळ चित्रण मी वेगळं ठेवलंय, तेव्हा घाबरू नका."

एकच बटण, गिरणीसारखं. मला धीर आला.

पण जास्तीचं म्हणजे कोणतं? त्याचं उत्तर मला सुदर्शनने दिलंच होतं. मी एकेक तुकडा लावला आणि दिसेल त्या माणसाकडे बघून विचारलं, याचं इथे काम काय?

मांडववाला खुंट ठोकत होता. त्याला ठेवलं. आचारी कढईत जिलेब्या सोडत होता. त्याला तर पूर्णच ठेवलं. बँडवाले, माईकवाला, वाढपी, चपला सांभाळणारा, सगळे राहिले. व्याही खुर्चीवर बसून पाण्याची बाटली धरून होते. त्यांना काढलं. आप्पा फेटा बांधून दारात नुसते उभे होते. आप्पांबद्दल मला आदर आहे, पण दया दाखवायची नव्हती. मंगलाष्टका म्हणणाऱ्या बायकांवर मी बराच विचार केला. त्यांतली एक सुरात होती. तिला ठेवली.

भटजी तर सारखे कामातच होते. त्यांच्यासमोर नवरदेव होता. तो काही करत नव्हता. भटजी म्हणतील तेव्हा हात पुढे करायचा, म्हणतील तेव्हा मागे घ्यायचा. मी त्याला वरातीपासून पाहिलं, जेवणापर्यंत पाहिलं. संधी पुष्कळ दिली. शेवटी बटण दाबलं. कांचनच्या दोन्ही हातांवर मेंदी होती, त्यामुळे कामाचा प्रश्नच नव्हता.

फिल्म अगदी आटोपशीर झाली.

आप्पांच्या घरी दोन्ही घरची मंडळी जेवून टीव्हीसमोर बसली. फिल्म लागली. मांडव उभा राहिला. बँड वाजला. जिलेब्या तळल्या गेल्या, पाकात पडल्या, बाहेर आल्या. भटजी समोर बघून म्हणाले, "वधू-वरांनी पुढे यावं." कुणी आलं नाही. पुढच्या तुकड्यात पुन्हा जिलेब्या होत्या. मग एकट्या बाईने गोड आवाजात मंगलाष्टक म्हटलं, माईकवाल्याने माईक बंद केला, वाढप्याने पत्रावळी गोळा केल्या आणि लग्न संपलं.

रोहिणी तेवढ्यात दारात येऊन उभी राहिली होती. तिने शेवटचं तेवढं पाहिलं आणि हातातली काच भिंतीला टेकवून ती उंबऱ्यावरच बसली.

व्याही सावकाश माझ्याकडे वळले. "गिरणीवाले," ते म्हणाले, "आमचा मुलगा कुठंय यात?"

"पाहुणं, मी खरं सांगतो," मी म्हटलं. "सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघितलं. त्याचं काही काम दिसलं नाही."

जावई खाली बघू लागला. आप्पांनी डोळे मिटून घेतले. मागून जावयाची आई म्हणाली, "घरी तरी कुठं दिसतं?"

मी रोहिणीकडे वळून म्हटलं, "बघ, बरोबरच काढला होता."