शेजारच्या आसनाखालची ओल

एकदा सावंतवाडीतले काजूचे एक व्यापारी, अनंतशेठ नाटेकर, आपली जुनी, उघड्या टपाची मोटार घेऊन दाजी धुरींच्या गॅरेजात आले. सोबत पत्नी शालनवहिनी होत्या. त्या उतरून बाकावर जाऊन बसल्या. शेठ मात्र इंजिन बंद करूनही गाडीतच बसून राहिले.

“दाजी, आंबोली घाटातून अर्ध्यावरून परत फिरलो,” ते म्हणाले. “काटा लाल रेषेला टेकला. वळणावर उभा राहिलो, तर एका अंगाला दरी आणि पाठीमागून ट्रक. मुलीचे दिवस भरलेत. उद्या बेळगावला पोचायलाच हवं.”

“मग दुसरी गाडी करा.”

“बंद गाडीत हिला घाट सोसत नाही. उलट्यांनी अर्धमेली होते. म्हणून तर ही गाडी इतकी वर्षं जपली.”

हे ऐकताना दाजींचा शिष्य विश्राम परब याचा चेहरा उतरला होता. ही गाडी त्याच्याच देखरेखीखाली होती. इंजिन थंड राखणारे हिरवट पाणी, म्हणजे कूलंट, तिच्यातून सारखे कमी होत होते. पण गाडीखालच्या फरशीवर थेंबही सापडत नव्हता. विश्रामने रबरी नळ्या बदलल्या, रेडिएटरचे झाकण बदलले आणि “आता निर्धास्त जा” असे शेठना सांगितले. त्याच्या त्या शब्दावर दोन माणसे दरीच्या काठापर्यंत गेली होती.

“दाजी, आता एकच जागा उरली,” तो म्हणाला. “पाणी इंजिनच्या पोटात जळत असणार. इंजिनचं हेड, म्हणजे वरचं झाकण, उघडतो.”

त्यातला धोका त्याला ठाऊक होता. इंजिन जुने, एखादा गंजलेला बोल्ट तुटला तर गाडी कायमची बसणार, सुटे भाग मिळणे दुरापास्त. न उघडावे, तर उद्या त्याच घाटात काय होईल, हा विचार त्याला सहन होत नव्हता. त्याने पाना उचलला.

दाजींनी तंत्रशाळेत उभी हयात शिकवण्यात घालवली होती. ते शांतपणे म्हणाले, “पाना ठेव. कापडी टप चढव, काचा लाव. इंजिन चालू कर आणि हीटर पूर्ण सोड.”

मे महिन्याची दुपार होती. पत्र्याखाली उभे राहिले तरी अंगाची लाही होत होती. विश्राम आणि शेठ एकमेकांकडे पाहतच राहिले. दाजी मात्र चालकाशेजारच्या आसनावर बसले, दार लावून घेतले आणि डोळे मिटले.

शेठ उतरले आणि विश्राम चालकाच्या जागी बसला. घाम डोळ्यांत उतरत होता, पण त्याची नजर काट्यावरून हलेना. काटा सरकू लागला तसा त्याचा हात किल्लीकडे गेला. “दाजी, बंद करू?”

“थांब. श्वास घे.”

विश्रामने दीर्घ श्वास घेतला आणि तो दचकला. गाडीत गोडसर, जड वास कोंदला होता. समोरच्या काचेवर आतून तेलकट धुके धरू लागले होते.

दाजींनी दार उघडले, बाहेर पाय टाकला आणि बाकाकडे पाहून विचारले, “वहिनी, तुम्ही नेहमी इथे बसता. पायाशी काही जाणवतं का?”

शालनवहिनींनी आधी पतीकडे पाहिले. मग म्हणाल्या, “ओल असते. हाताला चिकट लागते. आज तर घाटात पायाला चटका बसला. ह्यांना सांगितलं होतं मागेच. हे म्हणाले, जुना टप आहे, गाडी धुताना पाणी शिरलं असेल.”

दाजींनी पायाखालचा गालिचा उचलला आणि पांढरे फडके दाबले. फडक्यावर हिरवट डाग उमटला. हीटरच्या पेटीतून इंजिनचेच ऊन पाणी खेळते. ती पेटी आत चिरली होती.

विश्राम मान खाली घालून उभा राहिला. दाजी त्याला म्हणाले, “बाळा, गळलेलं सगळं जमिनीवर पडतं असं आपण धरून चालतो. हे आतल्या आत मुरत होतं. वास येत होता, तो उघड्या गाडीतून वारा घेऊन जात होता. म्हणून मी वाऱ्याची वाट बंद केली. पण याहून सोपी वाट होती. ज्यांच्या पायाला चटका बसला, त्या इथेच बसल्या होत्या. आपण चालवणाऱ्याला दहा प्रश्न विचारले. शेजारी बसणाऱ्याला एकही नाही.”



विश्रामने हीटरकडे जाणाऱ्या आणि येणाऱ्या नळ्या परस्परांना जोडून ती पेटी वाटेतून वगळली. मे महिन्यात हीटरवाचून कुणाचे अडणार नव्हते. मग टप उतरवून तो शेठ आणि वहिनींना घेऊन घाटाच्या पहिल्या चढापर्यंत गेला. काटा मध्यावर राहिला, पाण्याची पातळी ढळली नाही. तरीही “निर्धास्त जा” हे शब्द त्याने उच्चारले नाहीत. शेजारी वळून विचारले, “वहिनी, पायाशी आता कसं आहे?”

मागच्या आसनावरचे शेठ पुढे झुकले. वहिनी आपल्या नेहमीच्या जागी होत्या. त्यांनी वाकून गालिच्यावर तळवा फिरवला. “कोरडं आहे.”

गॅरेजच्या दारात परतल्यावर शेठ उतरले, पत्नीच्या बाजूचे दार उघडले आणि रस्त्यालगतच उकिडवे बसले. “पाय दाखव बघू.”

घोट्यापाशी लाल चट्टा उठला होता. शेठनी त्याला अलगद बोट लावले. मग हलक्या आवाजात म्हणाले, “आणखी काय काय सांगितलं होतंस गं, जे मी ऐकलं नाही?”

वहिनींनी पाय हळूच मागे घेतला.

“बेळगाव लांब आहे,” त्या म्हणाल्या. “वाटेत सांगते.”