झाकण लावलेला फोन

“मग डब्यात नको, तर कुठे ठेवू?”

शाल्मलीने फोन ठेवलेला स्टीलचा डबा आणखी पोटाशी धरला. तिला सातवा लागला होता. ती कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायची आणि ते कुणाला विसरू द्यायची नाही. नदीकाठच्या मठीत ती जानकीअक्कांकडे शिकायला यायची. आज मात्र आल्याआल्या तिने अक्कांचाच तास घेतला. फोनमधून लहरी निघतात. शरीराने त्या किती शोषाव्यात याची मर्यादा ठरलेली आहे, आणि ती इजेच्या कितीतरी अलीकडे आखलेली आहे.

“मग भीती कसली?” अक्कांनी विचारलं.

“बाळाची.”



आणि शाल्मलीचा बांध फुटला. सासूबाईंच्या ग्रहण पाळण्याला ती आजवर हसत आली होती. आता गरोदरपणात तिनेच फोनचं ग्रहण पाळायला घेतलं होतं. दिवसभर फोन डब्यात, वर घट्ट झाकण. हृषीकेश, तिचा नवरा, जहाजावर नोकरीला. काल जहाज बंदराला लागलं, त्याने पुन्हा पुन्हा फोन केले, पण डब्यात एकही वाजला नाही. सकाळी झाकण उघडल्यावर त्याचा निरोप दिसला: ‘बरी आहेस ना? संध्याकाळी जहाज पुन्हा सुटतंय.’ बिचारा तिकडे काय काय मनात आणत असेल. त्याचा आवाज ऐकायला जीव तळमळत होता आणि फोन हातात धरायची छाती होत नव्हती.

अक्कांनी पदर तोंडावर गच्च दाबला आणि त्या काहीतरी पुटपुटल्या.

“ऐकू आलं नाही, अक्का.”

अक्का पदराआडून अशा ओरडल्या की मानेच्या शिरा फुगल्या आणि अंगणातल्या चिमण्या उडाल्या. मग पदर काढून हळूच म्हणाल्या, “जेवलीस का, एवढंच विचारत होते.”

शाल्मलीला हसू आलं. तेवढ्यात डब्यावरच्या हाताला ऊब लागली... आणि हसू ओठांवरच राहिलं. टॉवरला ऐकू जाईना, की फोन आवाज चढवतो, म्हणजे लहरी आणखी जोरात सोडतो. दर वर्षी वर्गात ती हेच शिकवते. आणि ओरडणारा फोन पोटाशी घेऊन बसली होती तीच.



“ओरडला तरी मर्यादेच्या आतच असतो,” शाल्मली सावकाश म्हणाली. हे वाक्य तिला पाठ होतं. आज ते तिला पहिल्यांदा पटलं, आणि छातीवरचं ओझं उतरलं.

तिने झाकण काढलं. फोन बाहेर घेऊन पाटावर ठेवला, स्पीकर लावला आणि नंबर फिरवला. पलीकडे घंटी वाजू लागली.

“शाल्मली?... अगं, आहेस कुठे?”

तिला रडू आलं आणि हसूही आलं. बाळाने आतून लाथ मारली, तेही तिने त्याला सांगून टाकलं.

ग्रहण सुटताना दारोदार मागणारे हात पसरतात, तसे अक्कांनी डब्यापुढे दोन्ही हात पसरले.

“दे दान, सुटे गिऱ्हाण,” त्या म्हणाल्या. “झाकणासकट.”