साळूने बियाला राखलेला दोडका

निंबोळे गावाबाहेर, ओढ्याच्या काठी एक जुना शेवगा होता. त्याच्याखाली सखोबा महाराजांचा मुक्काम असे. गावातली लहान मुले त्यांच्या घोंगडीवर येऊन लोळत. पण महाराज कधी रागावले नाहीत.

त्याच गावात साळू नावाची एक गरीब विधवा राहत होती. तिची एकुलती एक लेक बकुळा चैत्रात तापाने गेली. नऊ वर्षांची पोर! जाण्यापूर्वी तिने दोडक्याचे बी राखेत घोळून फडक्यात बांधून ठेवले होते. साळूने ते ज्येष्ठात परसात लावले. मोरीचे पाणी वळवले, काटक्यांचा मांडव घातला. वेल वर चढू लागला, तशी साळू पोटभर जेवू लागली. एके दिवशी आपण ओवी गुणगुणतो आहोत हे ध्यानात आले, तेव्हा ती चरकली. तडक महाराजांकडे गेली.

"महाराज, लेक गेली अन् माझा जीव वेलात रमतो. मला माझीच लाज वाटते."

महाराज म्हणाले, "पाणी रोज घालतेस ना? घालत राहा, बाळ."

शेजारच्या द्वारकाबाई देशमुख मात्र कुंपणावरून विचारीत, "पोर जाऊन सहा महिने नाहीत अन् दारी मांडव! वऱ्हाड कधी येतंय गं साळू?" साळू वेलाला पाणी घालत राही.

पुढे ऋषिपंचमी आली. महाराज देशमुखांकडे जेवणार होते. मुलांनो, या दिवशी बैलाच्या कष्टाचे काही खायचे नाही, हाताने लावलेलेच खायचे, असा नेम आहे. देशमुखांची सारी भाजी नांगरलेल्या रानातली. मग द्वारकाबाई साळूच्या परसात आल्या. साळूने टोपलीभर दोडके काढून दिले. एकच वेलावर ठेवला.

"तो गं कशाला ठेवलास?"

"बियाला, बाईसाहेब. बकुळाचं बी तेवढंच उरलंय."

"मेलेल्या पोरीचं बी राखून काय करणारेस? महाराजांच्या पानात पडू दे!" असे म्हणून त्यांनी तो तोडला. कोवळा दोडका तो, आत बी धरलेसुद्धा नव्हते. साळू रिकाम्या देठाकडे बघत राहिली.

पंगत बसली. द्वारकाबाईंनी पातेल्याचे झाकण काढले आणि त्यांचा हात तिथेच थांबला. त्यांनी स्वतः विळीवर चिरलेला तो दोडका वाफाळत्या भाजीत अखंड होता! वाळून तपकिरी झालेला, जणू महिनाभर वेलावरच पिकलेला. महाराजांनी तो उचलून कानाशी हलवला. आत बी खुळखुळले. काय ती लीला!

"द्वारका," महाराज हळूच म्हणाले, "बैलाचे कष्ट नकोत म्हणून एवढं जपलंस. कुंपणापलीकडची आई दिसली नाही तुला?"

द्वारकाबाईंना वर बघवेना. आजवर बोललेला एकेक शब्द त्यांना आठवू लागला. त्या महाराजांच्या पायांकडे वाकल्या, तसे महाराजांनी पाय मागे घेतले.

"इथे नाही. तिथे जा."

महाराजांनी दिलेला दोडका पदरात धरून द्वारकाबाई भरल्या पंगतीतून अनवाणी निघाल्या. साळूच्या मांडवाखाली ओल्या मातीत त्यांनी डोके टेकले.

"उठा, बाईसाहेब, लुगडं भरेल," साळू गडबडून म्हणाली. द्वारकाबाई उठेनात.

साळूने मग त्यांच्या शेजारी बसून दोडका फोडला. चार बिया त्यांच्या तळहातावर ठेवल्या आणि म्हणाली, "राखेत घोळून ठेवा. बकुळा तसंच ठेवायची."