आक्कासाहेब स्प्रिंग निवडतात

“वाकणं तुझ्या कपाळी, माझ्या नाही,” कडक स्प्रिंग मऊ स्प्रिंगला सुनावत होती. फार पूर्वी मिस्त्री लोक मोटारीला विचारल्याशिवाय पाना लावत नसत, म्हणून रहमानमिस्त्री दोघींना आक्कासाहेबांपुढे ठेवून चहाला गेला होता.

आक्कासाहेब म्हणजे इनामदारांची लांबलचक, ऐटबाज, जुनी मोटार. वयानं त्यांचं बूड खाली बसलं होतं आणि गावातल्या कालच्या जिपा त्यावरून फिदीफिदी हसत. उद्या इनामदारांच्या सुमित्रेला पहिल्या बाळंतपणासाठी सासरहून आणायचं होतं, आणि वाट सगळी खड्ड्यांची.

“मला घ्या, आक्कासाहेब,” कडक म्हणाली. “बूड असं उचलीन की जिपा माना खाली घालतील.”

आक्कासाहेबांना गुदगुल्या झाल्या. “आणि खड्डा आला की?”

“मी खड्ड्याला भीक घालत नाही. आत बसणारा बघेल त्याचं काय ते.”

“मी आपली दबते,” मऊ पुटपुटली. “पण मग नाचत सुटते, ते काही मला आवरत नाही.”

“नाच तू, आवरायला मी आहे,” कोपऱ्यातला जाडजूड शॉकॲब्सॉर्बर म्हणाला. “बूड मात्र खालीच राहील हो, आक्कासाहेब.”

“म्हणजे उद्या व्याह्यांच्या दारात शोभा,” कडक फिसकन हसली.

आक्कासाहेबांनी दोन्ही दिवे वटारले. “हसतील त्यांना हसू दे, माझं बूड मी सांभाळीन, पण सुमीच्या पोटातल्या लेकराला खड्डे मोजायला लावणारी माझ्या अंगाला लागायची नाही.”